फोन हातात आहे, उत्तर कोण देणार?



ज्यांच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेला आपण इथे जमलो आहोत, त्यांना तरुण मुलांशी अवघड विषयावर बोलायला कधी संकोच वाटला नाही, असं मला इथल्या जुन्या मंडळींनी सांगितलं. त्यामुळे आजचा विषय मी न बिचकता निवडला. विषय आहे एचआयव्ही आणि आपल्या हातातला फोन. समुपदेशकांना आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवण्याचं काम मी करते. त्या कामात जे पाहिलं, जे वाचलं आणि ज्याची मला काळजी वाटते, ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

सुरुवात आकड्यांनी करते. थोडेच आहेत, पण नीट ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांना एचआयव्हीबद्दल काही साधे प्रश्न विचारतात. कंडोम वापरल्याने धोका कमी होतो का? एकाच, लागण नसलेल्या जोडीदाराशी संबंध ठेवल्याने कमी होतो का? निरोगी दिसणाऱ्या माणसाला लागण असू शकते का? शिवाय नेहमीचे गैरसमज, म्हणजे डास चावून होतो, बरोबर जेवल्याने होतो, ते ओळखता येतात का? या सगळ्यांची बरोबर उत्तरं देणारा माणूस पूर्ण माहिती असलेला धरतात. २०१५-१६ च्या पाहणीत अशा स्त्रिया शंभरात २१ होत्या आणि पुरुष ३२. पुढची पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली. स्त्रिया २२, पुरुष ३१.

मधल्या वर्षांत काय काय झालं, आठवून बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, शेताच्या बांधावर यूट्यूब दिसू लागलं, घराघरात व्हॉट्सॲपचे ग्रुप झाले. माणसाच्या हाती माहिती पोचवण्याची एवढी मोठी सोय आपल्या इतिहासात कधी झाली नव्हती. आणि एचआयव्हीची माहिती? स्त्रियांत एक पाऊल पुढे, पुरुषांत एक पाऊल मागे. का झालं असं? माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा रोख या एका प्रश्नावर आहे.

याचं सोपं उत्तर लगेच पुढे येतं: सरकारने जाहिरात कमी केली, तरुणांना रस नाही, लोक करमणुकीत गुंतले. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मला कारण दुसरीकडे दिसतं. आपण फोनचा उपयोग भोंग्यासारखा केला. एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, लाल फितीचं चित्र, मंत्र्यांचा फोटो, एक घोषवाक्य, आणि पाठव सगळ्यांना. अरे, पण त्या माणसाला काही विचारायचं असेल तर? त्या चित्राखाली तो कुणाला विचारणार? विचारलं, तर उत्तर कोण देणार?

आपल्या भाषेत हे काम शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने करून दाखवलं आहे. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये जग सोडेपर्यंत चालवलं. त्या मासिकात वाचक पत्र लिहून विचारत. लैंगिक जीवनाबद्दल, रोगांबद्दल, ज्या गोष्टी घरात, वैद्यापुढे, मित्रापुढेही काढता येत नव्हत्या त्यांच्याबद्दल. आणि कर्वे छापून उत्तर देत. सरळ, न लाजता, न उपदेश करता. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि तो खटला कशावर होता? वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर! खटला हरले, दंड झाला. पण बघा, सत्तेला त्या मासिकात सर्वांत जास्त टोचलं ते काय, तर कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी उत्तर दिलं. त्या पानावरची ताकद तिथे होती. आज आपल्याकडे छापखाना नको, टपाल नको, महिनाभर वाट बघायला नको. नाही तो उत्तर देणारा.

आता मी तुम्हाला दूरच्या देशात नेते, कारण या बाबतीतलं मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं काम केनियात झालं. २००७ ते २००९ या काळात तिथल्या तीन दवाखान्यांत एचआयव्हीचे उपचार नव्याने सुरू करणारी ५३८ माणसं अभ्यासात घेतली. अर्ध्यांना नेहमीची सेवा. उरलेल्या अर्ध्यांना आठवड्यातून एकदा दवाखान्यातून एक एसएमएस. त्यात एचआयव्ही हा शब्द नाही, औषध नाही, गोळी नाही, दवाखान्याचं नाव नाही. एकच शब्द: ‘मांबो?’ स्वाहिलीत म्हणजे ‘काय, कसं चाललंय?’ रुग्णाने दोन दिवसांत उत्तर द्यायचं. ‘सावा’ म्हणजे ठीक आहे. ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. अडचण कळवली, किंवा काहीच कळवलं नाही, की दवाखान्यातून माणूस उलट फोन करायचा. बस, एवढंच.

वर्षभराने बघितलं तर एसएमएस मिळणाऱ्या गटात शंभरातली ६२ माणसं औषध नियमित घेत होती, दुसऱ्या गटात ५०. रक्तातला विषाणू दबलेली माणसं इकडे ५७, तिकडे ४८. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्या काळातले साधे, बटणांचे फोन होते हो. ना चित्र, ना व्हिडिओ, ना ॲप.

आणि आता आपल्याकडचं. दक्षिण भारतातल्या तीन उपचार केंद्रांवर ६३१ रुग्णांचा असाच अभ्यास झाला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इथली योजना केनियापेक्षा कितीतरी सुधारलेली. दर आठवड्याला रुग्णाच्या भाषेत यंत्राने केलेला फोन, त्यात बटण दाबून उत्तर द्यायची सोय, शिवाय एक चित्रसंदेश. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. परिणाम? काही फरक पडला नाही. ज्यांना फोन गेले आणि ज्यांना गेले नाहीत, दोघांचे उपचार सारखेच टिकले, सारखेच फसले.

दोन देश वेगळे, दवाखाने वेगळे, रुग्णांची परिस्थिती वेगळी. एकाच कारणाने हा फरक पडला असं कुठलाही प्रामाणिक संशोधक म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की माझं लक्ष एकाच गोष्टीवर जातं. केनियातल्या रुग्णाला ठाऊक होतं की ‘शिदा’ लिहिलं तर एक ओळखीची नर्स फोन करणार आहे. ‘बसभाड्याला पैसे नाहीत’, ‘गोळीने मळमळतंय’, ‘नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही’, हे तिला सांगता येणार आहे. यंत्राच्या आवाजाला हे कोण सांगतं? आपण तंत्रज्ञानावर पैसा खर्च करतो तेव्हा बहुतेक वेळा ती नर्सच वगळतो. आणि मग म्हणतो, फोनचा काही उपयोग होत नाही बुवा!

उत्तर देणारा माणूस कोण असावा, हे तर सांगलीकरांना मी सांगायची गरजच नाही. नव्वदीत हा जिल्हा देशातल्या सर्वाधिक लागण असलेल्या जिल्ह्यांत मोजला जाई. १९९२ मध्ये इथे ‘संग्राम’ या संस्थेचं काम मीना शेषु यांच्या पुढाकाराने सुरू झालं आणि त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. कंडोम कुणी वाटले? बाहेरच्या ताईंनी येऊन नव्हे. धंदा करणाऱ्या बायांनी एकमेकींना दिले, एकमेकींना शिकवले, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काय बोलायचं ते एकमेकींना सांगितलं. पीअर, म्हणजे आपल्यातलाच शिकवणारा, हा शब्द सरकारी कागदांत रुळायच्या आधी तो इथे जगून झाला होता. मग तीच पद्धत पडद्यावर नेता येणार नाही का?

येते. लॉस एंजेलिसमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या ११२ पुरुषांचे, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, फेसबुकवर बंद गट केले. सगळ्या गटांत त्यांच्यातलेच काही जण बोलते ठेवले. काही गटांत गप्पा एचआयव्हीबद्दल, काहींत व्यायाम-आहाराबद्दल. बारा आठवड्यांनी पाहिलं, तर घरी तपासणी करायचा संच एचआयव्हीवर बोलणाऱ्या गटांत शंभरातल्या ४४ जणांनी मागवला, दुसऱ्या गटांत २० जणांनी. गट छोटे आहेत, फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण दिशा कळते.

मी प्रशिक्षणात एक संवाद हमखास दाखवते. नाव, गाव, नंबर, सगळं काढून टाकलेलं. रात्रीचे साडेअकरा. समोरून येतं, ‘सर आहात का?’ कार्यकर्ता लिहितो, ‘आहे, बोला.’ मग काहीतरी येतं आणि लगेच डिलीट होतं. पुन्हा येतं, पुन्हा डिलीट. मग, ‘माझा एक मित्र आहे. त्याला विचारायचं होतं.’

इथे मी वर्गातल्या सगळ्यांना थांबवते आणि विचारते, पुढे काय लिहाल? कुणी लिहितो, ‘मित्राचं नाव सांगून खोटं बोलू नका.’ कुणी लिहितो, ‘सुरक्षित संबंध ठेवणं ही आपली जबाबदारी आहे.’ कुणी संस्थेचं माहितीपत्रक जोडतो, सात पानांची पीडीएफ. त्या कार्यकर्त्याने काय लिहिलं होतं? ‘विचारा ना. मित्राच्या बाबतीत हे घडून किती वेळ झाला? कालच की त्याआधी?’

या एका ओळीत किती शहाणपण आहे बघा. मित्राचा पडदा त्याने तसाच राहू दिला. आणि सगळ्यांत आधी विचारली ती वेळ, कारण लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. ७२ तास उलटले की ते दार बंद. उपदेश सकाळी करता येतो, पण त्या मुलाला डॉक्टरकडे पाठवायचं ते आत्ता. हे शहाणपण कुठल्या ॲपमध्ये भरून मिळत नाही. ते त्या कार्यकर्त्याजवळ होतं कारण कधीकाळी त्यानेही असाच ‘मित्रा’साठी प्रश्न विचारला होता.

एक गोष्ट तर अशी आहे की ती पोचली नाही याचं मला रोज दुःख होतं. एचआयव्ही असलेल्या माणसाने गोळी रोज घेतली, व्हायरल लोड तपासणीत विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही. धोका कमी होतो असं मी म्हणत नाही आहे. लागण होत नाही, असंच म्हणते आहे. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने याचा पाया घातला, आणि त्यात चेन्नई होतं, आपलं पुणं होतं. ऐकलंय तुमच्यापैकी किती जणांनी, की जगाला ही बातमी द्यायला पुण्यातली जोडपी कारण झाली? पुढे युरोपात सुमारे ७८० पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून झालेल्या लागणी किती? शून्य.

ही बातमी घरात आली तर काय बदलतं? वेगळं ताट, वेगळी चादर, वेगळा टॉवेल, यांचं तर कधी काही कारणच नव्हतं. पण लग्न बदलतं, मूल होऊ देण्याचा निर्णय बदलतो, नवरा-बायकोतली ती कोंडलेली भीती बदलते. आणि ‘गोळी का चुकवू नये’ याला धाकापेक्षा बळकट कारण मिळतं. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून हे उपचार सरकारतर्फे मोफत आहेत. २०१७ पासून धोरण असं, की तपासणीत पॉझिटिव्ह आलात की उपचार सुरू, सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या खाली जायची वाट बघायची नाही. औषध आहे, शास्त्र आहे, फोन आहे. पण ही बातमी दहा सेकंदांच्या रीलमध्ये बसत नाही, कारण ऐकताक्षणी माणूस विचारतो: म्हणजे कंडोम सोडायचा का? दुसरे गुप्तरोग? एक डोस चुकला तर? लोड कधी तपासायचा? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आहे. कंडोम दुसऱ्या रोगांपासून वाचवतो, लोडची तपासणी केंद्रावर ठरल्या वेळी होते, चुकलेल्या डोसबद्दल समुपदेशकाशी बोलायचं. पण विचारायला जागा नसेल तर अर्धवट कळलेली गोष्ट भीतीपेक्षा वाईट ठरते.

आणि जागा रिकामी ठेवली की ती भरायला लोक येतातच. तुमच्या फोनवर कधीतरी आलं असेल: केळ्यात लाल टोचलेलं दिसतंय, एचआयव्हीचं रक्त आहे. किंवा अमुक थंड पेय पिऊ नका, कारखान्यातल्या कामगाराने त्यात रक्त मिसळलंय, दिल्ली पोलिसांनी कळवलंय. हा विषाणू खाण्यापिण्यातून पसरत नाही. शरीराबाहेर तो तग धरत नाही, आणि पोटात गेलेल्या पेयातून कुणाला लागण होत नाही. तरी हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. कारण त्यात घाबरवण्यासारखं काहीतरी आहे, खात्री देणारं पोलिसांचं नाव आहे, आणि शेवटी काम सांगितलंय, ‘आपल्या माणसांना पाठवा’. पाठवणारी मावशी दुष्ट नसते हो, तिला तुमची काळजी असते. तिला ग्रुपमध्ये सगळ्यांदेखत खोडून काढलंत की ती पुढच्या वेळी तुम्हाला वगळून पाठवेल. तिला वेगळा फोन करा. दोन मिनिटं लागतात. मी केलेत, चालतात.

त्याहून घातक म्हणजे ‘एचआयव्ही मुळासकट बरा’ म्हणणारे व्हिडिओ. आपल्या औषध नियमांत ‘शेड्यूल जे’ नावाची यादी आहे. हे आजार बरे करतो असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही, अशी ती यादी, आणि तिच्यात पहिलंच नाव एड्सचं आहे. म्हणजे कायदा स्पष्ट आहे. पण रात्री एकट्याने फोनवर शोधणाऱ्या माणसाला ‘शेड्यूल जे’ माहीत नसतं. त्याला समोर दिसतो पांढरा कोट घातलेला माणूस, खाली नंबर, आणि त्या नंबरवर पहिल्या रिंगला फोन उचलला जातो. हे मला फार लागतं. फसवणाऱ्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो! गोळ्या सोडून त्या पुड्या घेणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. काही परत आली, उशिरा आली.

आता खाजगीपणाबद्दल. याबद्दल मी थोडं कडक बोलणार आहे, कारण उत्साहाच्या भरात चांगले लोकच इथे घात करतात. गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझांची हकिगत आठवा. १९८९. रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट त्याच्या आधी सरकारच्या हाती गेला, पोलीस त्याला घेऊन गेले, आणि कारण काय ते त्याला कळलं रुग्णालयाच्या रजिस्टरात स्वतःचं नाव वाचून. ६४ दिवस त्याला एकट्याला कोंडून ठेवलं. तेव्हा ते एक कागदी रजिस्टर होतं. आज? २०१८ मध्ये उघड झालं की ग्राइंडर या डेटिंग ॲपवर लोकांनी भरलेली एचआयव्हीची स्थिती आणि शेवटच्या तपासणीची तारीख बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात होती. टीका झाली, मग कंपनीने ते थांबवतो म्हणून सांगितलं. २०१९ मध्ये सिंगापूरच्या सरकारी एचआयव्ही नोंदीतली १४,२०० माणसांची नावं-पत्ते इंटरनेटवर फुटले.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपला कार्यकर्ता मोठ्या मायेने उपचारावरच्या बायांचा व्हॉट्सॲप ग्रुप करतो. त्या ग्रुपमध्ये प्रत्येकीला प्रत्येकीचा नंबर दिसतो. ग्रुपचं नाव पडद्यावर वरच झळकतं. आणि फोन कुणाचा? सुरुवातीला सांगितलेल्या २०१९ ते २१ च्या पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात शंभरात ५४ होत्या. बाकीच्यांचा फोन नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे २५ लाख माणसांत ४४ टक्क्यांच्या आसपास स्त्रिया आहेत. तिच्या फोनवर आलेलं ‘गोळ्या घ्यायला या’ हे आधी कोण वाचणार, याचा विचार पाठवण्याआधी करायचा की नंतर? म्हणून तर केनियाच्या त्या एका शब्दाचं मला एवढं मोल वाटतं. ‘काय, कसं चाललंय?’ हे दिराने वाचलं तरी बिघडत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. माणसाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करता येत नाही. नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने त्या सुरक्षित ठेवायच्या आहेत. एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणारं काही छापलं, पसरवलं, तर तीन महिने ते दोन वर्षं कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फोनवरचं पसरवणंही पसरवणंच आहे. हे ग्रुपच्या ॲडमिनना कुणी सांगितलंय?

मग करायचं काय? महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारी माणसं देशात सर्वाधिक आहेत, चार लाखांच्या घरात. १०९७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिचा नंबर प्रत्येक महाविद्यालयाच्या, एसटी स्टँडच्या, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. आतल्या बाजूला, कारण बाहेर उभं राहून तो कुणी उतरवून घेत नाही. पण माझं खरं मागणं दुसरं आहे, आणि ते इथे बसलेल्या संस्थाचालकांकडे, प्राध्यापकांकडे, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे आहे. पुढच्या वर्षी एक डिसेंबरच्या बॅनरला, रॅलीला, व्हिडिओला जो पैसा ठेवाल, त्यातून आधी दोन माणसांचा पगार काढा. एचआयव्हीसह जगणारी, किंवा ज्यांना हे प्रश्न स्वतःला पडलेत अशी दोन माणसं. मानधन नको, पगार द्या. त्यांना शिकवा, त्यांच्या मागे एक डॉक्टर आणि एक वकील फोनवर उभा ठेवा. फोन संस्थेचा असू द्या, त्यांच्या घरचा नको. संवाद किती दिवसांनी पुसायचा ते आधी ठरवा. आणि त्यांची वेळ दहा ते पाच ठेवू नका. रात्री नऊ ते एक ठेवा, कारण मुलं तेव्हा विचारतात. वर्षअखेर अहवाल मागाल तेव्हा किती लोकांनी पोस्ट पाहिली हे विचारू नका. किती प्रश्न आले, किती वेळात उत्तर गेलं, त्यातले किती जण तपासणीला पोचले आणि किती जणांच्या गोळ्या सुरू आहेत, एवढंच विचारा. पहिल्या वर्षी आकडे लहान येतील. तरी दुसऱ्या वर्षीचा पगार थांबवू नका.